बाळंतिणीच्या काखेतील गाठ : जाणून घ्यावे, घाबरू नये

बाळंतपणानंतर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी छातीत दूध भरून येते. त्याच सुमारास काही मातांच्या एका वा दोन्ही काखांत लिंबाएवढी, क्वचित त्याहूनही मोठी, ठणकणारी गाठ उमटते. हात अंगालगत टेकवत नाही, कुशीवर निजवत नाही, बाळाला उचलताना कळ येते. धुळ्याच्या आग्रा रोडवरील घर असो वा जळगावच्या सराफ बाजारातील, अशा वेळी माजघरात एकच शंका दबक्या आवाजात बोलली जाते : ‘कर्करोग तर नसेल?’ बहुतेक वेळा ती शंका निराधार असते. परंतु तिच्यापायी बाळाचे दूध तोडले गेले, तर हानी मात्र खरी होते.

या गाठीचे मूळ त्या स्त्रीच्या स्वतःच्या जन्माआधीचे असते. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक दुग्धरेषा तयार होते. पुढे छातीवरचा भाग तेवढा वाढतो व उरलेली रेषा विरून जाते. काहींत ती पूर्णपणे विरत नाही आणि स्तनपेशींचा लहानसा अंश मागे राहतो. असा अंश राहण्याची सर्वांत नेहमीची जागा म्हणजे काख. साधारण २ ते ६ टक्के स्त्रियांत तो आढळतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. एरवी तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. पाळीच्या आधी थोडे जड वाटते, इतकेच. गरोदरपणी संप्रेरके वाढली की तो फुगू लागतो आणि दूध उतरले की छातीसारखाच भरून येतो. बहुधा त्याला बाहेर वाट नसते, म्हणून तो ठणकतो. काहींच्या काखेत तिळासारखे बारीक बोंड असते व त्यातून दुधाचे थेंबही येतात. ते पाहून दचकण्याचे कारण नाही.

येथेच घरगुती उपचारांची गफलत होते. खानदेशात बाळंतिणीला शेकशेगडी, तेलाचे मर्दन आणि ओव्याची धुरी देण्याची रीत आहे. त्या मायेने काखही शेकली जाते, चोळली जाते, गाठ दाबून दूध काढण्याचा प्रयत्न होतो. परिणाम उलटा होतो : उष्णतेने व चोळण्याने सूज वाढते आणि पिळून काढल्याने पेशींना आणखी दूध तयार करण्याची सूचना मिळते. दूध आत साचू दिले, की शरीर आपोआप तेथील निर्मिती थांबवते. त्यामुळे गाठीला हात न लावणे हाच पहिला उपचार होय. थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाची घडी दिवसातून अनेकदा दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. काखेत न रुतणारे सैल सुती कपडे वापरावेत. खानदेशातील उन्हाळ्यात तर घाम व घर्षण टाळणे अधिकच अगत्याचे. वेदना असह्य झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेता येते. अंगावर पाजणाऱ्या मातेला ते सुरक्षित मानले जाते. बहुतेकींचा ठणका काही दिवसांत ओसरतो, सूज एक-दोन आठवड्यांत उतरते.

स्तनपान मात्र अखंड चालू ठेवावे. काखेतील गाठीमुळे छातीचे दूध बिघडत नाही, बाळाला अपाय होत नाही. उलट पाजणे एकदम थांबवले, तर छातीत दूध दाटून गळू होण्याचा धोका वाढतो. चौविहार पाळणाऱ्या घरांत बाळंतिणीची तहान व औषधांच्या वेळा यांचा विचार आधीच करून ठेवावा.

तथापि, काखेतील प्रत्येक गाठ दुधाचीच असते असे नाही. ताप व थंडी, लालसर तापलेली कातडी किंवा पू दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. न दुखणारी, टणक, जागची न हलणारी व वाढत जाणारी गाठ, स्तनावर पडलेली खळी, संध्याकाळचा ताप व वजन घटणे, अथवा काही आठवड्यांनंतरही न उतरलेली सूज यांची तपासणी लांबवू नये. क्षयरोगाच्या गाठीही काखेत येतात आणि स्तनाला होणारे आजार या पेशींनाही क्वचित होऊ शकतात. सोनोग्राफीने बहुधा उलगडा होतो. ती बाळंतिणीला निर्धोक आहे. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी शासकीय रुग्णालये जिल्ह्यातच आहेत. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेकडे आशा सेविका ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी येतात. त्यांच्याजवळही हे मोकळेपणाने बोलावे. शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते आणि तिचा विचार बाळाचे दूध सुटून काही महिने गेल्यावरच करतात.

पुढच्या बाळंतपणी ही सूज पुन्हा येऊ शकते. पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी झाले, तर सासूबाईंना ही गोष्ट ठाऊकच नसते. दुकानाच्या वहीत जुनी बाकी नोंदवून ठेवणाऱ्या घरांनी लेकी-सुनांच्या प्रकृतीची ही नोंदही गरोदरपणाच्या कार्डावर करून घ्यावी, म्हणजे दुसऱ्या खेपेस तीच भीती नव्याने सोसावी लागणार नाही.