महार बटालियन: ऐकीव काय, खरे काय

छत्रपती संभाजीनगर परिसरात वर्दीतले जवान खड्डे खणून झाडे लावताना दिसतात. ही प्रादेशिक सेनेची 136 इको बटालियन, महार रेजिमेंटशी संलग्न. तिथे काम करतात ते माजी सैनिक. पण ‘महार’ हे नाव ऐकले की गप्पांमध्ये काही ठरावीक समज हमखास येतात.

‘भीमा कोरेगावला महार रेजिमेंट लढली,’ हा त्यातला पहिला. रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली 1 ऑक्टोबर 1941 रोजी, बेळगावात. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला लढली ती बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची पलटण. तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. तिथल्या विजयस्तंभावरची ‘नाक’ने संपणारी नावे त्यांचीच. पुढे रेजिमेंटने आपल्या पहिल्या बिल्ल्यावर तो स्तंभ घेतला, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

दुसरा समज मला जास्त बोचतो: इंग्रजांनी मेहेरबानी म्हणून ही पलटण दिली. उलट, 1890च्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांताखाली त्यांनीच महारांची भरती बंद केली. ज्या समाजाला गावात शाळेची पायरी चढू देत नव्हते, त्याला पलटणीत पगार, पेन्शन आणि मुलांचे शिक्षण मिळत होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतच शिकवत. तो दरवाजाच लागला. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 मध्ये पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये ‘111 महार’ उभी केली आणि गरज सरताच 1921 पर्यंत मोडून टाकली. 1941 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे बेळगावची बटालियन झाली. जवळपास पन्नास वर्षे अर्ज करून मिळवलेल्या हक्काला मेहेरबानी म्हणणे अन्यायाचे आहे.

तिसरा समज, तिथे फक्त महारच असतात. 1956 मध्ये बॉर्डर स्काउट्सच्या बटालियन रेजिमेंटमध्ये आल्या आणि आज तिथे देशभरातले, सर्व समाजांचे जवान आहेत. 1971 च्या युद्धात महावीर चक्र मिळवणारे 10 महारचे शिपाई अनसूया प्रसाद गढवालचे. 8 महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले तमिळ. 25 नोव्हेंबर 1987 ला श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले. रेजिमेंटचे परमवीर चक्र त्यांचे आहे.