सौरऊर्जा आणि भूवापर नियमन : वसई-विरारच्या संदर्भात निर्णयाधिकाराचा प्रश्न

प्रस्तावना

सौर पॅनेल कोठे बसवावीत, कोठे बसवू नयेत आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत प्रामुख्याने स्थानिक शासनाच्या सभागृहात सोडविला जातो. अमेरिकेत काउंटी किंवा नगर मंडळासमोर भूवापर नियमाचा मसुदा येतो, शेजारचे शेतकरी व रहिवासी सुनावणीस उपस्थित राहतात आणि मतदानाने नियम स्वीकारला अथवा फेटाळला जातो. स्पेनमधील बार्सिलोना नगरपालिकेने १९९९ मध्ये सौर उष्णजलाविषयीचा नियम स्वतः संमत केला व २००० पासून तो अंमलात आणला. नव्या इमारतींना लागणाऱ्या गरम पाण्यासाठीच्या ऊर्जेचा ६० टक्के भाग सूर्यापासून मिळवावा, अशी त्यात अट होती. त्या नियमाचे पुढे स्पेनमधील अन्य शहरांनी अनुकरण केले.

महाराष्ट्रात अशी चर्चा स्थानिक सभागृहात क्वचितच घडते. चर्चेचा विषय येथे नाही असे मुळीच नाही. विषय आहे, परंतु तो ज्या सभेत मांडावयाचा ती सभा निर्णयाची अधिकारी नाही, आणि जेथे ती काही अंशी अधिकारी होती तेथून ती हलविली गेली आहे. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर हे या स्थितीचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्या उदाहरणाच्या आधारे सदर प्रश्नाचे विवेचन केले आहे.

दोन अनुसूचींमधील अंतर

१९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अकरावी व बारावी अशा दोन अनुसूची जोडल्या गेल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय आहेत. त्यांतील १५ वा विषय ‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ हा आहे आणि त्याच्या आधीचा १४ वा विषय ग्रामीण विद्युतीकरणाचा आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत. नगररचना, जमिनीच्या वापराचे नियमन, इमारतींचे बांधकाम, पर्यावरणाचे संरक्षण, इतकेच काय पण रस्त्यावरील दिवेही त्यात आहेत. ऊर्जानिर्मिती मात्र नाही. अनुसूचीत विषय असणे म्हणजे अधिकार हाती येणे नव्हे, कारण तो द्यावयाचा की नाही हे राज्य विधिमंडळ ठरविते. तरीही या दोन यादींतून घटनाकारांच्या पुढच्या पिढीची एक धारणा दिसते: वीज निर्माण करण्याचा विचार गावाने करावा, शहराने ती वापरावी.

या धारणेचा वसईशी संबंध पुढीलप्रमाणे येतो. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या ४ नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती यांचे एकत्रीकरण करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांचा विरोध प्रखर होता. हरित पट्टा, वाड्या आणि गावपण नष्ट होईल, ही त्यामागील भीती होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने चाललेल्या हरित वसईच्या चळवळीची ती पुढची पायरी मानता येईल. २०११ मध्ये राज्य शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, परंतु त्यास उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि प्रकरण एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. दरम्यान गावे महानगरपालिकेतच राहिली.

या वादात कर, पाणी आणि बांधकाम यांविषयी पुष्कळ बोलले गेले. वसईकरांच्या तोंडी ‘सूर्या’ हा शब्द त्या काळी पाण्यासाठी असे, कारण शहराचे पाणी सूर्या प्रकल्पातून येते. आकाशातील सूर्याविषयी कोणी बोलले नाही, आणि तसे अपेक्षितही नव्हते. परंतु ग्रामपंचायत बरखास्त होताच गाव अकराव्या अनुसूचीतून बाराव्या अनुसूचीत गेले आणि अपारंपरिक ऊर्जा हा विषय त्याच्या यादीतून गळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रामसभा संपुष्टात आली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरान देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा राज्यातील काही ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. त्या ठरावांचे कायदेशीर बळ कितीही मर्यादित असो, अमेरिकी काउंटीतील सुनावणीशी साम्य असलेली आपल्याकडील घटना तीच आहे. महानगरपालिका अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद असली, तरी ग्रामसभेचे स्थान तिला लाभलेले नाही.

नियम कोण करतो

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरण विकास योजना व तिची नियंत्रण नियमावली तयार करते आणि राज्य शासन तिला मंजुरी देते. वसई-विरार उपप्रदेशासाठी १९९० पासून सिडको हे विशेष नियोजन प्राधिकरण होते. उपप्रदेशाची विकास योजना २००७ मध्ये मंजूर झाली आणि २०१० मध्ये नियोजनाचे अधिकार नव्या महानगरपालिकेकडे आले. ते तिच्याकडे पूर्णार्थाने फार काळ राहिले असे म्हणता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बृहन्मुंबई व काही मोजकी क्षेत्रे वगळता ती सर्व राज्यास एकसारखी लागू आहे. वसई-विरार महानगरपालिकेच्या निर्वाचित सदस्यांची मुदत जून २०२० मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. पुढील निवडणुकीचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. म्हणजे ज्या नियमावलीत शहराच्या छतांविषयीची तरतूद आहे, ती अंमलात आली त्या दिवशी त्या शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता.

नियमावलीच्या तेराव्या प्रकरणात सौर उष्णजल संयंत्र अथवा वीजवाहिनीस जोडलेला छतावरील सौरसंच बसविण्याची तरतूद ठराविक प्रकारच्या नव्या इमारतींसाठी केलेली आहे. शेती व हरित विभागात अपारंपरिक ऊर्जानिर्मिती हा अनुज्ञेय वापरांपैकी एक मानला जातो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनीही अशा सुविधांना काही पट्ट्यांत वाव दिला आहे. विद्युत अधिनियम, २००३ ने वीजनिर्मितीस परवान्याची आवश्यकता ठेवलेली नाही. छतावरील संचाची जोडणी राज्य विद्युत नियामक आयोगाच्या विनियमांनुसार महावितरण करते. या साखळीत महानगरपालिकेचे स्थान नकाशावर शिक्का मारण्यापुरते उरते.

एकसूत्री नियमाचे लाभ नाकारता येणार नाहीत. प्रत्येक शहरात वेगळा नियम असण्यातून जी अनागोंदी व जे गैरव्यवहार उद्भवत, त्यांना काही प्रमाणात आळा बसला. परंतु सौरऊर्जेचे स्वरूपच स्थानिक आहे. ऊन सर्वत्र पडते, सावली मात्र शेजारच्या इमारतीची पडते.

सावलीचा हिशेब

वसईचे अक्षांश सुमारे १९.४ अंश उत्तर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंच असतो. अशा वेळी जुन्या चार मजली इमारतीच्या दक्षिणेस तिच्याहून २४ मीटर उंच इमारत उभी राहिली, तर नव्या इमारतीची सावली जुनीच्या छताच्या पातळीवर सुमारे २२ मीटर उत्तरेकडे पसरते. सकाळी व दुपारनंतर ती याहून लांब असते. मेच्या मध्यास सूर्य डोक्यावर येतो तेव्हा मध्यान्हीची सावली जवळजवळ नाहीशी होते हे खरे, पण पावसाळ्यातील ढगांमुळे कोकणात ज्या महिन्यांवर सौरसंचाची भिस्त असते त्यांत हिवाळ्याचे महिने मोठा वाटा उचलतात. पॅनेलच्या एका कोपऱ्यावरील सावलीनेही जोडलेल्या संपूर्ण मालिकेचे उत्पादन घटू शकते.

या सावलीविरुद्ध दाद कोठे मागावी? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार २० वर्षे निर्वेध उपभोग घेतल्यास इमारतीस प्रकाश व हवा मिळण्याचा हक्क प्राप्त होतो. हा हक्क खिडकीचा विचार करून निर्माण झालेला आहे. कलम १७ तर स्पष्टपणे सांगते की, मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या प्रकाशाचा हक्क दीर्घ उपभोगाने मिळत नाही. गच्चीवर पाच वर्षांपूर्वी बसविलेल्या पॅनेलला कलम १५ चा आधार मिळण्याचा प्रश्नच येत नाही. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्येच सौर हक्काचा आणि शेजारच्या झाडांच्या सावलीसंबंधीचा असे दोन स्वतंत्र कायदे केले. आपल्याकडे पुनर्विकासाच्या लाटेत उंची वाढत असताना पॅनेलधारकाच्या बाजूने उभा राहील असा नियम राज्याच्या नियमावलीत शोधूनही सापडणे कठीण आहे.

याच संदर्भात छताचे गणितही पाहावे. १ किलोवॉट क्षमतेसाठी सुमारे १० चौरस मीटर सावलीमुक्त जागा लागते आणि त्यातून दररोज सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. २०० चौरस मीटर गच्चीपैकी पाण्याची टाकी, जिन्याचा माथा आणि कडेची सावली वगळून निम्मी जागा उपयोगी धरली, तर १० किलोवॉटचा संच बसेल व महिन्यास सुमारे १,२०० युनिट मिळतील. इमारतीत १६ सदनिका असल्यास प्रत्येकीच्या वाट्याला ७५ युनिट येतात. त्याच भूखंडावर ४० सदनिका उभ्या राहिल्या तर वाटा ३० युनिटांवर येतो. चटई क्षेत्र वाढविणारा नियम आणि छतावर सौरसंच मागणारा नियम एकाच पुस्तकात शेजारी असतात, पण त्यांची परस्परांशी गाठ घालून दिलेली नाही.

परवानगीच्या बाहेरचे शहर

बांधकाम परवानगीस जोडलेली कोणतीही अट परवानगी मागणाऱ्यासच बांधते. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरारची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक होती आणि या शहराच्या वाढीचा फार मोठा भाग अनधिकृत बांधकामांतून झाला आहे. २०२५ च्या प्रारंभी नालासोपारा येथील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार येथे अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला. ज्या इमारतीचा स्लॅब पावसाळ्यात गळतो आणि ज्यावर गळती रोखण्यासाठी पत्र्याची शेड उभारलेली असते, तिच्यावर वाऱ्याचा भार सहन करणारा सांगाडा व पॅनेल चढविण्यापूर्वी संरचनात्मक तपासणी होणे अत्यावश्यक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत घरगुती ग्राहकास ३ किलोवॉट व त्याहून अधिक क्षमतेच्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत आणि गृहनिर्माण संस्थेस सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. परंतु ज्यांच्या इमारतीची संस्थाच नोंदली गेलेली नाही, त्यांच्या गच्चीचा मालक कोण हेच अनिश्चित असते.

महानगरपालिकेच्या स्वतःच्या हाती एक साधन उरते, ते म्हणजे मालमत्ता कर. पुणे महानगरपालिका सौर संयंत्र, पर्जन्यजल संधारण यांसारख्या व्यवस्थांसाठी करात सवलत देते. कराची आकारणी अनधिकृत इमारतींवरही होते आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अशा बांधकामावर कराच्या दुपटीइतक्या शास्तीची तरतूद आहे. मग अशा इमारतीने सौरसंच बसविल्यास सवलत द्यावी काय? दिली तर नियमभंगास प्रतिष्ठा लाभते. नाकारली तर शहराच्या फार मोठ्या छतक्षेत्रास या ऊर्जेच्या बाहेर ठेवावे लागते, आणि तेथे राहणारे बहुसंख्य लोक फसवले गेलेले खरेदीदार आहेत. या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयातून देता येण्यासारखे नाही. त्यासाठी त्या वस्तीची माहिती असलेल्या सभागृहात दोन्ही बाजू मांडल्या जाणे आवश्यक ठरते.

वाडी की पॅनेल

जमिनीवरील संचाचा प्रश्न वसईत तूर्त लहान आहे. १ मेगावॉटसाठी सुमारे ४ ते ५ एकर सलग जमीन लागते. पश्चिम पट्ट्यातील गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल येथील केळी, नागवेल, भाजीपाला आणि फुलांच्या वाड्या लहान लहान तुकड्यांत विभागलेल्या आहेत. तथापि सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या सुधारित रूपात खासगी जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली, हे ध्यानात घेता मजुरांअभावी पडीक राहिलेल्या जमिनीच्या मालकास असा पर्याय आकर्षक वाटू शकतो. मिठागरे व पाणथळ जमिनींविषयी अधिक सावधगिरी हवी. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार अनेक दिवस पाण्याखाली होते आणि मिठागरांच्या वस्तीतील लोक अडकून पडले होते. पॅनेल खांबांवर उभी राहतात, त्यामुळे पाणी अडत नाही, हा युक्तिवाद भराव टाकून रस्ता व उपकेंद्र बांधले जाईपर्यंतच टिकतो. हरित विभागात ‘अनुज्ञेय’ हा एक शब्द लिहून राज्याने जे सोपे केले, त्यात कोणती जमीन वाडीची, कोणती पाण्याच्या निचऱ्याची, हा भेद उमटत नाही.

उपलब्ध मार्ग

कायद्याच्या चौकटीतही स्थानिक निर्णयास थोडी जागा आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार नियोजन प्राधिकरणास योजनेचे मूळ स्वरूप न बदलता फेरबदल प्रस्तावित करता येतो. त्यासाठी सूचना प्रसिद्ध करून एक महिन्यात हरकती मागविणे, सुनावणी घेणे व प्रस्ताव शासनाकडे पाठविणे अशी प्रक्रिया आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५८ अन्वये उपविधीही करता येतात, मात्र तेही शासनाच्या मान्यतेनेच अंमलात येतात. याखेरीज कलम ३८ नुसार विकास योजनेचे किमान वीस वर्षांतून एकदा पुनर्विलोकन अपेक्षित आहे. २००७ च्या योजनेस २०२७ मध्ये वीस वर्षे होतील. सुमारे साडेपाच वर्षांच्या खंडानंतर निवडून आलेल्या सभागृहापुढे हा विषय आल्यास छतांची सावली, अनधिकृत इमारतींची सवलत आणि हरित पट्ट्यातील अनुज्ञेय वापर हे तिन्ही प्रश्न एकाच योजनेच्या चर्चेत मांडता येतील. प्रारूप योजनेवर हरकत नोंदविण्याचा हक्क त्या वेळी सदनिकाधारकाइतकाच वाडीवाल्यासही असेल. फरक इतकाच की ग्रामसभेत तो उभा राहून बोलत असे, येथे त्यास लेखी अर्ज करावा लागेल.