बाष्पपर्णोत्सर्जन आणि पिकांची पाण्याची गरज

बाष्पपर्णोत्सर्जन म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन आणि वनस्पतींच्या पानांतून होणारे पर्णोत्सर्जन यांची बेरीज होय. मुळांनी शोषलेल्या पाण्याचा अत्यल्प भाग वनस्पतीच्या वाढीत सामावला जातो; उरलेले जवळजवळ सर्व पाणी पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे पिकाची पाण्याची गरज व्यवहारात बाष्पपर्णोत्सर्जनाइतकीच मानली जाते. शेतास किती पाणी द्यावे, किती दिवसांनी द्यावे आणि धरणातील साठ्यावर किती क्षेत्र भिजू शकेल, हे या अंदाजावरून ठरवता येते.

स्वरूप व एकके

बाष्पपर्णोत्सर्जन दररोज किती मिलिमीटर या एककात मोजतात. १ हेक्टर क्षेत्रावरील १ मिमी पाणी म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर. पाण्याची वाफ होण्यासाठी ऊर्जा लागते. १ चौरस मीटरवरील १ मिमी पाण्यासाठी ती सुमारे २.४५ मेगाज्यूल असते. ही ऊर्जा मुख्यतः सूर्यप्रकाशातून मिळते. तापमान, हवेतील आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग यांवरही बाष्पपर्णोत्सर्जन अवलंबून असते.

पेरणीच्या वेळी जवळजवळ सर्व पाणी उघड्या जमिनीवरून उडून जाते. पिकाने जमीन पूर्ण झाकल्यावर मात्र ९० टक्क्यांहून अधिक वाटा पर्णोत्सर्जनाचा असतो.

मापन व अंदाज

प्रत्यक्ष मापनासाठी लायसिमीटर वापरतात. जमिनीत बसवलेल्या टाकीत माती भरून त्यात पीक घेतले जाते व टाकीच्या वजनातील घटीवरून पाण्याचा वापर काढला जातो. हे उपकरण खर्चिक असल्याने मुख्यत्वे संशोधन केंद्रांपुरते मर्यादित आहे.

बाष्पीभवन पात्र ही त्याहून सोपी पद्धत आहे. सुमारे १.२२ मीटर व्यासाच्या उथळ पात्रातील पाण्याची पातळी रोज नोंदवली जाते. पात्रातील पाणी पिकापेक्षा वेगाने उडते, म्हणून नोंदीला पात्र गुणांकाने गुणतात. हा गुणांक साधारणपणे ०.७ च्या आसपास असतो. मात्र पात्राभोवतीचे गवत, वारा व आर्द्रता यांनुसार तो बदलतो.

हवामानाच्या नोंदींवरून अंदाज करण्याची सूत्रेही आहेत. हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये ऊर्जेचा ताळेबंद आणि वाऱ्याची वाफ वाहून नेण्याची क्षमता यांना एकाच सूत्रात आणले. १९६५ मध्ये जॉन माँटिथ यांनी त्यात पर्णरंध्रांच्या रोधाचा समावेश केला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत पेनमन-माँटिथ सूत्र प्रमाण मानले आहे. केवळ कमाल व किमान तापमान उपलब्ध असल्यास हारग्रीव्ह्ज सूत्र वापरता येते.

पीक गुणांक

वरील सूत्राने मिळते ते संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन. म्हणजे १२ सेंमी उंचीच्या, पाण्याचा ताण नसलेल्या हिरव्या गवताचे. त्याला पीक गुणांकाने गुणले असता विशिष्ट पिकाची गरज मिळते. हा गुणांक वाढीच्या अवस्थेनुसार बदलतो. उदाहरणार्थ, उपरोक्त पुस्तिकेत उसासाठी तो आरंभी ०.४०, भर वाढीत १.२५ व अखेरीस ०.७५ दिला आहे. त्यामुळे लागवडीपासून तोडणीपर्यंत एकाच मात्रेने पाणी दिल्यास आरंभी ते वाया जाते.

सिंचन नियोजनातील उपयोग

भर वाढीतील गव्हाचे उदाहरण घेता येईल. पात्रातील बाष्पीभवन ६ मिमी व पात्र गुणांक ०.७ धरल्यास संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन ४.२ मिमी होते. गव्हाच्या १.१५ या गुणांकाने रोजची गरज सुमारे ४.८ मिमी, म्हणजे हेक्टरी ४८,००० लिटर येते.

पाणी किती दिवसांनी द्यावे, हे जमिनीवर अवलंबून असते. ६० सेंमी खोलीच्या भारी जमिनीत पिकास उपलब्ध होणारे पाणी ९० मिमी धरले आणि त्यातील ५५ टक्के वापरू दिले, तर सुमारे ५० मिमीचा साठा मिळतो व पाळी १० दिवसांनी येते. तेवढ्याच खोलीच्या हलक्या जमिनीत उपलब्ध पाणी ४८ मिमी असल्यास पाळी साधारण ५ दिवसांवर येते. म्हणजेच पीक व हवामान तेच असूनही सर्व शेतांना एकच वेळापत्रक लागू पडत नाही. या काळात पाऊस झाल्यास मुळांच्या थरात टिकून राहिलेला पाऊस, म्हणजे परिणामकारक पाऊस, हिशेबातून वजा करतात.

शेतात सोडायचे पाणी सिंचन पद्धतीच्या कार्यक्षमतेवरून ठरते. ५० मिमी गरजेसाठी ६० टक्के कार्यक्षमतेच्या प्रवाही सिंचनात सुमारे ८३ मिमी, तर ७५ टक्के कार्यक्षमतेच्या तुषार सिंचनात सुमारे ६७ मिमी पाणी द्यावे लागते. ही वाढीव मात्रा पिकाची गरज नसून वहन व वाटपातील घट असते. गरजेपेक्षा सातत्याने अधिक पाणी दिल्यास निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनी पाणथळ व क्षारयुक्त होतात.

मर्यादा

पीक गुणांक निरोगी व पाण्याचा ताण नसलेल्या पिकासाठी दिलेले असतात. पाणी अपुरे असल्यास पर्णरंध्रे मिटतात, प्रत्यक्ष वापर घटतो आणि बहुधा उत्पादनही घटते. अशा वेळी उपलब्ध पाणी संवेदनशील अवस्थांसाठी राखून ठेवले जाते. गव्हात मुकुटमुळे फुटण्याची (पेरणीनंतर १८ ते २१ दिवस) अवस्था आणि फुलोरा यांचा त्यात समावेश होतो. हवामान केंद्र कोरड्या, उघड्या जमिनीवर असल्यास अंदाज प्रत्यक्षाहून अधिक येतो.

पाण्याच्या बचतीचा हिशेबही सावधपणे करावा लागतो. ठिबक सिंचनामुळे उघड्या जमिनीवरील बाष्पीभवन व पाझर कमी होतो. पर्णोत्सर्जन मात्र फारसे घटत नाही. पाझरलेले पाणी काही ठिकाणी खालच्या विहिरींना मिळत असते. म्हणून शेतावर वाचलेल्या पाण्यातून नवे क्षेत्र भिजवल्यास संपूर्ण पाणलोटातील पाण्याचा एकूण वापर वाढूही शकतो.