आधी पंखा बंद

"आधी पंखा बंद कर," मावशी म्हणते. एप्रिलची दुपार, डोंबिवली, बाहेर पानही हलत नाहीये आणि हिला वारा नको आहे. मी मुकाट्याने बटण दाबते.

पलंगावर बिस्किटांचा जुना डबा उघडा आहे. आत लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या चकत्या, कडेला खाचा पाडलेल्या, प्रत्येकीवर एकेका रंगाचा दोरा गुंडाळलेला आणि कोपऱ्यात पेनाने नंबर. रंग डोळ्यांना फसवतो, नंबर फसवत नाही, असं हिचं म्हणणं. एका चकतीवर लाल दोऱ्याच्या वर 'श्रीकृपेकरून' एवढंच उरलंय. शेजारी माझी लड: 8 मीटरची, काल हिसडून ओढलेली, आज नुसता गोळा. मावशी तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

धाकटीच्या रुखवतासाठी तोरण भरायचंय, फुलीच्या टाक्याचं. चकतीवरचा दोरा मावशी मुठीपासून कोपरापर्यंत दोनदा मोजून कापते. दोरा सहापदरी. ती टोकाला पदर पसरते, एक उजव्या चिमटीत घेते, पाच डाव्या चिमटीत सैलसर धरते आणि एकट्याला सरळ वर ओढू लागते. खालचे पाच गोळा होतात, चुण्या पडतात, नाडीवर पायजमा गोळा व्हावा तसे. आता गाठ बसणार! मी श्वास धरते. शेवटचं टोक निसटतं आणि पाचही जण सुळकन सरळ लोंबायला लागतात.

"दोन एकदम ओढले तर?"

"ओढून बघ."

ओढते. चार बोटं जेमतेम सुटतात आणि दोघे एकमेकांना असा विळखा घालतात की पुढे हलेनात. मावशी शांतपणे माझ्या हातातून ते काढून घेते.

तिने आपला एकटा पदर दुमडलाय. दोन्ही टोकं सुईत, मागे फासा. पहिला अर्धा टाका घालून सुई उलट बाजूला जाते, त्याच फाशातून निघते. झाली सुरुवात, गाठ नाही. दोन, चार, सहा पदरांना हे जमतं, तिनाला नाही.

कापडात इंचाला 14 फुल्या. सुई खाली नेताना ती दर वेळी दोन पदरांच्या मधून घालते, म्हणजे ते रुळांसारखे शेजारी-शेजारी बसतात. हे मला भलतंच किचकट वाटतं. पण तिची फुली भरीव दिसते, माझी सुतळीसारखी.

दहाबारा फुल्यांनंतर ती चौकट उलटी धरते आणि सुई सोडून देते. सुई हवेत गरागरा फिरते, मंदावते, थांबते. टाक्यागणिक चढलेला पीळ उतरला. अगोदर हात थांबवला नसता तर हाच पीळ कापडामागे गाठ होऊन बसला असता.

दोरा बोटभर उरतो. मागच्या चारपाच टाक्यांखालून तो सरकवून मावशी कात्री लावते, चकत्या डब्यात टाकते, झाकण दाबते.

"हं. लाव आता पंखा."