फ्रेंचग्लेनचा मुक्काम

वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळूच्या टेकड्या आणि उंट आठवतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या आग्नेय भागात यातलं काही नाही. आहे तो सेजब्रश झुडपांचा करडा, उग्र वासाचा माळ, समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांवर. हार्नी काउंटी गोव्याच्या सातपट मोठी आणि तिथली माणसं आठ हजारांच्या आत. बर्न्स गावापासून दक्षिणेला साठ मैलांवर मूठभर घरांचं फ्रेंचग्लेन लागतं, आणि तिथं पांढऱ्या रंगाचं, दुमजली लाकडी फ्रेंचग्लेन हॉटेल.

हॉटेल १९२०च्या दशकातलं, आता राज्याच्या उद्यान विभागाच्या मालकीचं. मूळ इमारतीत आठ खोल्या, न्हाणीघरं सामाईक. रात्रीचं जेवण एकत्र, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून, पंगतच म्हणा. इथं लोक पक्षी बघायला येतात, त्यामुळे शेजारच्याशी बोलणं अर्थातच पक्ष्यांवरून सुरू होतं.

गावाचं नाव मात्र गुरांमुळे पडलं. ह्यू ग्लेन या कॅलिफोर्नियातल्या धनिकाच्या पैशावर पीटर फ्रेंचनं १८७२मध्ये इथं गुरं आणली, ब्लिट्झन नदीचं खोरं बळकावलं आणि ग्लेनच्या मुलीशी लग्नही केलं. हिवाळ्यात घोडे तयार करायला त्यानं बांधलेला गोल गोठा अजून उभा आहे. जमिनीच्या वादातून १८९७च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्यानं त्याला गोळी घातली. ज्यूरीनं त्या शेतकऱ्याला सोडून दिलं, यावरून फ्रेंचबद्दल लोकमत काय होतं ते कळतं.

शेजारच्या मॅल्हर तळ्यावर तेव्हा वेगळीच लूट चालली होती. बायकांच्या टोप्यांसाठी पांढऱ्या बगळ्यांची कत्तल होत होती. १९०८मध्ये पक्ष्यांचे छायाचित्रकार विल्यम फिन्ली आणि हर्मन बोलमन कॅमेरे घेऊन आले, तर बगळे उरलेच नव्हते. त्याच वर्षी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी तळं पक्ष्यांसाठी राखीव केलं. पण तळ्यात येणारं पाणी फ्रेंचनं उभारलेल्या रँचच्या ताब्यात! १९३०च्या दशकातल्या दुष्काळात तळं आटलं, तेव्हा कुठे १९३५मध्ये सरकारनं रँचच विकत घेतलं. माझ्या मते अभयारण्याचा खरा जन्म तो. वैरणीसाठी कुरणं भिजवायची पद्धत क्रौंचांच्याही कामी आली. जमिनीचा वाद मात्र मिटला नाही. २०१६मध्ये सशस्त्र टोळीनं अभयारण्याचं कार्यालय ४१ दिवस बळकावलं होतं.

इथं तीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेलेत. मे महिन्यात उत्तरेला निघालेल्या वॉर्बलर या छोट्या पक्ष्यांना मैलोन्‌मैल झाड दिसत नाही, म्हणून हॉटेलभोवतीच्या आणि कार्यालयाच्या आवारातल्या झाडांवर ते उतरतात. वाट चुकलेले, पूर्व अमेरिकेतले पक्षीही त्यांत निघतात. त्यामुळे दलदलीत भटकण्याआधी अंगणातच तासभर मान वर करून उभं राहावं. जवळच्या, फ्रेंचच्या जुन्या पी रँचवर टर्की गिधाडं मुक्कामाला असतात.

गावातूनच ९,७३३ फुटी स्टीन्स पर्वताचा रस्ता सुटतो. वर हिमनदीनं कोरलेली किगर घळ, आणि पूर्वेला मैलभर खोल कडा थेट अल्व्हर्डच्या कोरड्या, सपाट क्षारमय मैदानावर. पण बर्फामुळे माथ्याकडचा रस्ता बहुधा जुलैत खुला होतो, आणि तोवर वॉर्बलर निघून गेलेले असतात. निवडायचंच तर मे निवडावा. पेट्रोल मात्र बर्न्सलाच भरून घ्यावं.