सीताफळाची बाग आणि कॉलेजांतील जमाखर्च

दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशीं आश्विन महिन्यांत रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. वेरूळास जाणारा प्रवासी मोटार थांबवून दोन-चार किलो घेतो, पैसे रोख देतो, आणि ते विकणाऱ्याच्या खिशांत किंवा विकणारणीच्या पदरांत जातात. त्याच पैशांतून संध्याकाळचा किराणा, तोडणीची मजुरी, मुलाचें एस. टी. चें भाडें आणि देवळाची वर्गणी भागते. दिवाळी सरून पाट्या उठल्यावर बागाईतदारास कोणीं विचारलें कीं, "यंदा बागेनें काय दिलें?" तर उत्तर ठरलेलें असतें: "बरें दिलें," नाहीं तर "कांहीं उरलें नाहीं." तिसरें उत्तर आमच्या शिवारांत क्वचितच ऐकूं येतें. आणि बाग ठेवावयाची कीं तोडावयाची, फुलोऱ्यावरच उक्ती विकावयाची कीं स्वतः राखावयाची, कर्ज वाढवावयाचें कीं फेडावयाचें, हे निर्णय याच उत्तरावर होतात.

आपल्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें-मुली सुमारें पंधरा किलोमीटरांवरील छत्रपति संभाजीनगरास कॉलेजांत जातात. ज्यांनीं वाणिज्य शाखा घेतली, त्यांच्यापुढें पहिल्याच वर्षीं 'वित्तीय लेखांकन' हा विषय येतो. पुस्तकांतला व्यापारी कापड विकतो, फर्निचर घेतो, हुंडी लिहितो. आपल्या मुलानें कापडाचें दुकान आंतून कधीं पाहिलेलें नसतें. तो नियम पाठ करितो, परीक्षा उतरतो आणि विसरतो. बापाला वाटतें, ही दुकानदाराची विद्या, आपल्या काय कामाची? बाप बाग जाणतो, मुलगा नियम जाणतो, आणि दोघे एका घरांत राहूनही एकमेकांस उपयोगी पडत नाहींत. म्हणून या विषयांत शिकवितात तरी काय, आणि तें बागेला लावून पाहिल्यास काय दिसतें, हें येथें सांगावयाचें आहे.

हिशेबाचें शास्त्र या मातीस परकें आहे असें कोणीं समजूं नये. देवगिरीच्या यादवांच्या दरबारीं, महादेव व त्यामागून रामचंद्र यांच्या कारकीर्दींत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत हा 'श्रीकरणाधिप' होता. राज्याच्या दप्तराचा तो मुख्य. मोडी लिपीचें श्रेय परंपरा त्यासच देते, आणि पुढें कित्येक शतकें मराठी मुलखांतील कीर्द-खतावणी याच लिपींत लिहिली गेली. कॉलेजांत शिकवितात ती दुहेरी नोंदीची पद्धत मात्र इटलींतील होय. १४९४ सालीं व्हेनिस शहरीं लुका पाचोली नांवाच्या गणितज्ञ भिक्षूनें ती आपल्या ग्रंथांत छापून प्रसिद्ध केली. त्यानें ती शोधिली नाहीं, तेथील व्यापारी ती आधींपासून वापरीतच होते. मुंबईस सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें. मराठवाड्यास स्वतःचें विद्यापीठ मिळण्यास १९५८ साल उजाडलें, आणि देवगिरीचें नांव धारण करणारें महाविद्यालय शहरांत १९६० सालीं उभें राहिलें.

पद्धतीचें मूळ एवढेंच कीं, प्रत्येक व्यवहारास दोन टोकें असतात. खत आलें तर पैसे गेले, किंवा दुकानदाराचें देणें झालें. म्हणून प्रत्येक व्यवहार एका खात्याच्या नांवें आणि तितक्याच रकमेनें दुसऱ्या खात्यास जमा लिहावयाचा. नियम तीन आहेत: माणसांच्या खात्यांत घेणारा नांवें, देणारा जमा, वस्तूंच्या खात्यांत आलेली वस्तु नांवें, गेलेली जमा, आणि उत्पन्न-खर्चाच्या खात्यांत खर्च व तोटा नांवें, उत्पन्न व लाभ जमा. हे पाठ होण्यास एक दिवस पुरतो. खरी अडचण पुढें येते, आणि ती मराठी घरांतल्या मुलासच अधिक येते.

प्रस्तुत लेखकाच्या घरीं वडिलांची लाल पुठ्ठ्याची रोजकीर्द असे. तिच्यांत डावी बाजू जमेची व उजवी नांवेंची. अडत्यानें पांच हजार दिले कीं डावीकडे जमा. कॉलेजांत गेल्यावर पहिल्याच आठवड्यांत प्राध्यापकांनीं सांगितलें कीं, रोकड आली म्हणजे रोकड खातें नांवें! घरीं जें जमा तें येथें नांवें कसें? त्यांत भर म्हणून बँकेच्या पासबुकांत भरलेले पैसे पुन्हा जमेस. आठ दिवस डोकें चालेना, आणि कोणास विचारण्याची लाज वाटे.

उलगडा असा आहे. रोजकीर्दींत 'जमा ५,०००' लिहितों तेव्हां तें 'अडत्याच्या खातीं जमा' असें वाचावयाचें असतें. त्यानें दिलें म्हणून त्याच्या खातीं जमा. रोकडीचें स्वतंत्र खातें आपण लिहीत नाहीं, कारण कीर्द हीच सगळी रोकडीची वही. दुहेरी पद्धतींत मात्र रोकड हाही एक इसमच समजावयाचा. जणूं घरांत एक खजिनदार ठेविला आहे. त्याच्या हातीं पांच हजार पडले, म्हणजे तो तितक्यांस जबाबदार झाला, म्हणून रक्कम त्याच्या नांवें पडली. अडत्यास जमा, खजिनदाराच्या नांवें. देशी वही पहिला अर्धा भाग लिहिते, कॉलेजची वही दोन्ही लिहिते. आणि पासबुक ही बँकेची वही आहे, आपली नव्हे. आपण बँकेस पैसे दिले म्हणून तिच्या वहींत आपण देणारे, सबब आपल्या खातीं जमा. ही एक गोष्ट मुलास घरच्या वहीवरून दाखविली तर त्याचे पुष्कळ श्रम वांचतील.

आतां बागेकडे वळूं. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत, कोणाच्या बागेचे नाहींत. दोन एकर सीताफळ फळावर आलें आहे. लावणीपासून फळ धरीपर्यंत बागेवर १,२०,००० रुपये लागले. ठिबक संच ४०,००० रुपयांचा. १ एप्रिल रोजीं हातीं रोकड २०,००० आणि सोसायटीचें कर्ज ५०,०००. म्हणजे एकंदर मालमत्ता १,८०,०००, त्यांतून कर्ज वजा जातां मालकाचें भांडवल १,३०,०००.

वर्षांत फळ विकलें १,५०,००० चें. पैकीं १,२०,००० हातीं आले, ३०,००० व्यापाऱ्याकडे राहिले. मजुरी दिली ३५,०००. खत-औषध घेतलें २५,००० चें, त्यांतील १०,००० दुकानाचे देणें आहेत. व्याज ४,००० दिलें, कर्ज २०,००० फेडलें, मार्चअखेरीस नवा पंप २५,००० चा रोखीनें घेतला, आणि घरखर्चास ३०,००० उचलले. घरीं खाल्लेलें व पाहुण्यांस दिलेलें फळ ३,००० चें. ३१ मार्चला पेटी मोजली तों निघाले ११,०००. वर्षारंभीं वीस होते, आतां अकरा आहेत. बागाईतदार म्हणतो, "घरचे नऊ हजार गेले, बाग बुडीत चालली."

कॉलेजचें शास्त्र येथें त्याचा हात धरितें. तें विचारतें कीं, यांतला वर्षाचा खर्च कोणता? कर्जफेड हा खर्च नव्हे. देणें कमी झालें. पंप हा या वर्षाचा खर्च नव्हे. तो पुढें अनेक वर्षें पाणी देईल. घरखर्चाचे तीस हजार ही मालकाची उचल आहे, बागेचा खर्च नव्हे. उलट दुकानाचे दहा हजार आज दिले नसले तरी खर्च याच वर्षाचा, आणि व्यापाऱ्याकडील तीस हजार आले नसले तरी उत्पन्न याच वर्षाचें. घरीं खाल्लेलें फळही उत्पन्नांत धरून तेंच उचलींत टाकावयाचें.

राहिला घसारा. हा शब्द ऐकतांच आपल्याकडे लोक हंसतात, कारण घसाऱ्याचे पैसे कोणास द्यावे लागत नाहींत. परंतु बाग म्हातारी होते आणि ठिबकच्या नळ्या फुटतात, हें कोण नाकारील? बाग फळावर आल्यापासून वीस वर्षें टिकेल असें धरलें तर दरसाल ६,०००, आणि संच पांच वर्षें धरला तर ८,००० झिजतात. जमिनीस घसारा नाहीं. ती तशीच राहते असें शास्त्र मानतें. (ज्यांच्या विहिरीचें पाणी खारावलें व जमीन चोपण झाली, ते यावर वाद घालतील, आणि त्यांत तथ्य आहे.) कंपन्यांसाठीं २०१६ पासून लागू झालेल्या सुधारित लेखामानकांतही वर्षानुवर्षें फळ देणारें झाड यंत्राप्रमाणेंच स्थिर मालमत्ता धरून त्यावर घसारा काढण्यास सांगितलें आहे.

आतां बेरीज पाहा. उत्पन्न १,५३,०००. खर्च: मजुरी ३५,०००, खत-औषध २५,०००, व्याज ४,०००, घसारा १४,०००, एकूण ७८,०००. नफा ७५,०००. पेटींतले नऊ हजार कमी झाले त्याच वर्षीं बागेनें पाऊण लाख मिळविले. ताळेबंद जुळतो कीं नाहीं तेंही पडताळूं:

मालमत्ता: रोकड ११,०००, व्यापाऱ्याकडे येणें ३०,०००, बाग १,१४,०००, ठिबक ३२,०००, पंप २५,०००. एकूण २,१२,०००.
देणीं व भांडवल: सोसायटी ३०,०००, दुकान १०,०००, भांडवल १,३०,००० अधिक नफा ७५,००० वजा उचल ३३,०००, म्हणजे १,७२,०००. एकूण २,१२,०००.

दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबरच, असें मात्र नव्हे. एखादा व्यवहार मुळींच लिहिला नाहीं, किंवा पंपाची रक्कम चुकून दुरुस्तीच्या खर्चांत घातली, तरी बेरजा जुळतातच. तेरीज जुळल्याच्या आनंदांत विद्यार्थी हें विसरतात.

येथवर शास्त्राची बाजू घेतली. आतां त्याची उणीव सांगणें प्राप्त आहे. पंचाहत्तर हजारांचा नफा पाहून कोणीं हुरळून जाऊं नये. त्या बागेंत नवराबायको राबलीं त्यांची मजुरी या वहींत कोठेंच नाहीं, कारण जो पैसा कोणास दिला नाहीं व देणेंही झाला नाहीं तो वित्तीय लेखांकन लिहीत नाहीं. दोघांचे शंभर-शंभर दिवस आणि रोज तीनशें रुपये धरले तर ६०,००० नव्हे काय असें विचारणाऱ्यास उत्तर साठ हजार असेंच द्यावें लागेल. मग बागेचे म्हणून १५,००० च उरतात. बाग तोडावी कीं ठेवावी हें ठरवितांना हा पंधरा हजारांचा आंकडा पाहावयाचा, आणि सोसायटीचा हप्ता झेपेल कीं नाहीं हें ठरवितांना पेटी व येणें पाहावयाचें. केंद्राचा कृषि खर्च व मूल्य आयोगही घरच्या माणसांच्या श्रमाचें मोल वेगळें काढून धरितो. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची कुटुंबवार पाहणी करून १९१७ सालीं ती छापली, तेव्हां त्यांनींही कुटुंबें अशींच वेगळीं काढलीं होतीं: ज्यांचें शेतावर भागतें तीं, ज्यांचें बाहेरच्या कामामुळें भागतें तीं, आणि ज्यांचें कशानेंच भागत नाहीं तीं.

मुलानें हा विषय नीट शिकावा याला आणखी एक कारण आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेंत ताळेबंद वाचला जातो आणि आपण हात वर करितों. २००२ च्या कायदेदुरुस्तीनें निघालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे भाग आपल्यांपैकीं अनेकांनीं घेतले असतील. त्यांचाही ताळेबंद दरसाल येतो. 'येणें' या सदराखालीं मोठी रक्कम वर्षानुवर्षें तशीच दिसत असेल, तर ती कोणाकडून व केव्हां येणार, एवढा एक प्रश्न विचारण्यास पहिल्या वर्षाचें शिक्षण पुरेसें आहे.

वर्ष कोणतें धरावें, हा प्रश्न शेतकऱ्यास नेहमींचा. व्यापाऱ्याचें जुनें वर्ष दिवाळीच्या पाडव्यास फिरतें, महसुली वर्ष १ ऑगस्टला, सरकारी व कॉलेजचें १ एप्रिलला. दिवाळीस सीताफळ ऐन विक्रींत असतें, येण्या-देण्याचा गुंता असतो. १ एप्रिलला झाडावर पानही नसतें. म्हणून सीताफळाच्या बागेस एप्रिल सोईचा. ज्यांचा गहू तेव्हां खळ्यांत पडलेला असेल, त्यांनीं तो त्या दिवशींच्या भावानें शिल्लक मालांत धरावा.

सुरुवात करावयाची ती १ एप्रिलच्या यादीनें: रोकड, येणें, देणें, बाग, संच, अवजारें, जनावरें. त्यापुढें एक रोजकीर्द व एक खतावणी पुरे. सर्वांत अवघड जातें तें पाटीवरची रोख विक्री लिहिणें, कारण प्रत्येक गिऱ्हाइकामागें वही काढतां येत नाहीं. त्यास उपाय सोपा आहे. सकाळीं पाटीवर किती मोड नेली, संध्याकाळीं किती रोकड परत आली, आणि मध्यंतरीं पाटीवरूनच किती दिले, या तीनच रकमा रात्रीं लिहाव्या. मोड ५०० नेली, ३,२०० आणले, मजुरास व चहास ४०० दिले. तर विक्री ३,१०० झाली, आणि ते ४०० ही खर्चांत आपोआप आले.