तप्त ग्राफीनचा निवडक प्रकाश

चिपवरची माहिती तांब्याच्या सूक्ष्म तारांमधून विजेच्या रूपात धावते. तेच काम प्रकाशाकडून करून घेता आले, तर वेग वाढेल आणि ऊर्जाही वाचेल. अडचण सिलिकॉनची आहे. त्यातले उत्तेजित इलेक्ट्रॉन बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपातच गमावतात, त्यामुळे सिलिकॉन जवळजवळ प्रकाशच देत नाही. मग उष्णतेलाच कामाला लावले तर?

कोलंबिया विद्यापीठातील जेम्स होन यांच्या गटाने दक्षिण कोरियातील सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये हे करून दाखवले. कार्बनचा एका अणूइतका जाड थर म्हणजे ग्राफीन. त्याची सूक्ष्म पट्टी अधांतरी ताणून तिच्यातून वीज सोडली, तेव्हा इलेक्ट्रॉन सुमारे २८०० केल्विनपर्यंत तापले आणि पट्टीचा उजेड नुसत्या डोळ्यांना दिसला. ग्राफीन तापले की त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते. त्यामुळे धग मधोमध कोंडून राहते आणि टोकांचे धातूचे जोड वितळत नाहीत.

मात्र, तापलेल्या वस्तूचा प्रकाश अनेक तरंगलांबींत विखुरतो. संदेशवहनाला तर नेमकी तरंगलांबी हवी. इथे फोटॉनिक स्फटिक उपयोगी पडतो. सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यात काहीशे नॅनोमीटर अंतरावर ओळीने छिद्रे पाडली, की ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश त्यात शिरूच शकत नाही. मधली काही छिद्रे मुद्दाम पाडली नाहीत, तर तिथे प्रकाशासाठी एक पोकळी तयार होते. सतारीची तरफ आपलाच स्वर लागला की झणकारते, तशी ही पोकळी आपल्या तरंगलांबीलाच प्रतिसाद देते.

एमआयटीतील डर्क एंगलंड यांच्या गटाने होन यांच्या साथीने २०१९ मध्ये अशा पोकळीवर ग्राफीन बसवून ते तापवले. पोकळीशी जुळणारा अवरक्त प्रकाश ठळकपणे उठून दिसला. छिद्रांचे अंतर आणि आकार बदलून ही तरंगलांबी आधीच ठरवता येते, तर विजेचा दाब कमी-जास्त करून प्रकाशाची तीव्रता.

ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांची उष्णताधारकता अत्यल्प असल्याने ते क्षणात तापतात आणि निवतात. म्हणूनच २०१८ मधल्या एका प्रयोगात बोरॉन नायट्राइडच्या थरांत गुंडाळलेल्या ग्राफीनने ९२ पिकोसेकंदांचे प्रकाशस्पंद दिले. साध्या बल्बच्या तारेला हा वेग अशक्य आहे.

हा प्रकाश लेसरइतका सुसंगत नाही, आणि बरीचशी उष्णता आजही खालच्या थरांत वाया जाते. तरीही तप्त वस्तूच्या प्रकाशाची तरंगलांबी आणि तो चालू-बंद होण्याचा वेग माणसाला ठरवता येतो, हे या प्रयोगांनी सिद्ध केले आहे. चिपवरच घडवता येणाऱ्या प्रकाशस्रोताच्या शोधात ही मोलाची प्रगती आहे.